बंदी होडीला, मग गळाचं काय?

कानात हेडफोन असेल आणि बाहेर पाऊस असेल, तर हा भाग अगदी वेळेवर ऐकताय. मे संपत आला की मला एकाच प्रश्नाचे मेसेज यायला लागतात. शब्द थोडेफार वेगळे असतात, मुद्दा एकच: "दादा, एक जूनपासून मासेमारी बंद म्हणतात. आम्ही चार पोरं गळ घेऊन शनिवारी नदीवर जाणार आहोत. चालतं ना?"

कागदावर बघायला गेलं तर बऱ्याच ठिकाणी चालतं. पण माझं मत विचाराल तर पहिल्या पावसाचे तीन-चार आठवडे तरी चालू नये. आजचा भाग या दोन उत्तरांमधल्या अंतराबद्दल आहे. ते अंतर का पडलं, आणि तिथे आत्ता काय चाललंय, ते सांगतो.

आधी बंदी म्हणजे नेमकं काय ते बघू. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून ६१ दिवस समुद्रातली मासेमारी बंद असते. राज्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत. त्याच्या पुढच्या पाण्यात केंद्र सरकारची बंदी लागू होते. पूर्व किनाऱ्यावर हेच ६१ दिवस १५ एप्रिल ते १४ जून असे येतात. ही ६१ दिवसांची पद्धत २०१५ पासूनची. त्याआधी आपल्याकडे बंदी उठायची तारीख नारळी पौर्णिमेशी जोडलेली असायची. कोळीवाड्यात आजही कुणाला विचारा, सरकारी तारीख काही का असेना, दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात ढकलायला मन धजत नाही असं सांगणारे भेटतात. म्हणजे पावसात समुद्राला सुट्टी द्यायची ही गोष्ट सरकारनं शोधून काढलेली नाही. कायदा १९८१ चा, रीत त्याच्या कितीतरी आधीची.

कारणं दोन. एक तर खवळलेला समुद्र, त्यात माणसं जातात. दुसरं, हा बऱ्याच माशांच्या अंडी घालण्याचा काळ.

आता नीट ऐका. ही बंदी आहे यांत्रिक नौकांना. इंजिन असलेली होडी, ट्रॉलर, पर्ससीन, सगळं बंद. बिनइंजिनाच्या पारंपरिक होडीला त्यातून सूट आहे. ते मला पटतं, कारण वल्ह्यावर चालणारी होडी जाऊन जाऊन जाणार किती लांब, आणि त्या घरात दोन महिने दुसरं काही शिजणार नसतं. पण या सगळ्या मांडणीत हौशी माणूस कुठेच नाही. खडकावर उभा राहून गळ टाकणारा, खाडीच्या पुलावरून दोर सोडणारा, गावच्या ओढ्यात पाग फेकणारा, हा ना यांत्रिक ना पारंपरिक. तो धंदाही करत नाही. त्यामुळे त्याला कुणी नोटीस पाठवत नाही.

(मध्येच एक सांगतो. इंजिनाची होडी भाड्यानं घेऊन जुलैत समुद्रात गळ टाकायला जाणार असाल, तर तिथे 'आम्ही हौशी आहोत' हे उत्तर चालणार नाही. होडीला इंजिन आहे आणि तुम्ही मासे पकडताय, एवढं पुरेसं आहे.)

समुद्रातली बंदी बऱ्यापैकी पाळली जाते. का? सगळे कोळी बांधव कायद्याला घाबरून असतात असं अजिबात नाही. ती पाळली जाते कारण होडीला एक नाका असतो. मासा कुठेही पकडा, उतरवायला बंदरावर यावं लागतं. डिझेल भरायला, बर्फ घ्यायला बंदरावर यावं लागतं. होडीवर नंबर असतो, मालक सोसायटीचा सभासद असतो, सोसायटीला मत्स्यव्यवसाय विभागाचं पत्र आलेलं असतं. जूनच्या सुरुवातीला साठ होड्या ओढून, शाकारून ठेवलेल्या असतील आणि एकच समुद्रात दिसली, तर कुणाची ते अख्ख्या गावाला कळतं. शिवाय बंदीच्या काळात बाहेर पडून अपघात झाला तर नुकसानभरपाई मिळत नाही, हे आदेशातच लिहिलेलं असतं. २०२१ च्या दुरुस्तीनं दंड लाखांच्या घरात गेले, २०२५ च्या जानेवारीपासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरायला लागले. चोरून जाणारे आहेतच, नाही असं नाही. पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत सातशे किलोमीटरहून लांब किनारा मोजक्या अधिकाऱ्यांनी सांभाळायचा, तर तो बंदरांच्या नाक्यांवरच सांभाळला जातो.

ओढ्याला असा नाका नसतो. आणि जूनमध्ये खरा गोंधळ ओढ्यावर असतो.

रायगडकडे याला वलगण म्हणतात. कोल्हापूर-साताऱ्याकडे, तळकोकणात चढणीचे मासे म्हणतात. शहरात वाढलेल्यांसाठी जरा सविस्तर सांगतो, कारण ही महाराष्ट्रातली बघण्यासारखी गोष्ट आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ती फक्त मोबाइलवर पाहिलेली आहे. मे महिन्यात नदी आटून डोहांपुरती उरते. मासे त्या डोहांत दाटीवाटीनं दिवस काढत असतात, आणि माद्यांच्या पोटात अंडी तयार होत असतात. मग एक-दोन दणदणीत पाऊस होतात. पाणी गार होतं, गढूळ होतं, वाहायला लागतं. माशांना एवढी खूण पुरते. ते प्रवाहाच्या उलट निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, वहाळातून थेट भाताच्या खाचरात. वीतभर पाण्यात अंग घासत, दगडावरून उड्या मारत. मळ्या, खवल, शिंगटी, वाम, जे जे त्या पाण्यात असेल ते. खाचरात पाणी उथळ असतं, कोमट असतं, बारीक जीवजंतूंनी भरलेलं असतं आणि मोठे खादाड मासे तिथवर फारसे येत नाहीत. पिल्लांसाठी ती पाळणाघराचीच जागा. पाऊस ओसरायला लागला की पिल्लं पाण्याबरोबर परत खाली नदीत उतरतात. पुढच्या वर्षी तुम्ही-आम्ही जो मासा पकडणार, तो यांच्यातला.

हे सगळं वर्षातून एकदाच होतं. भर काही दिवसांचा, आणि त्यातही रात्रीचा जास्त. गावोगाव माणसं बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतात. पूर्वी कंदील आणि पलिते असायचे.

या दिवसांतल्या माशाची खरी ओढ कशाची असते, तर गाभोळीची. पोट फुगलेली मादी, चिरली की दोन पिवळ्या-नारिंगी पिशव्या. ती तव्यावर कुरकुरीत भाजायची. मी खाल्लेली आहे आणि चवीला ती भारीच लागते, उगाच खोटं कशाला बोलू. आमच्या घरात मासा कुणाच्याही ताटात जावो, गाभोळी कुणाला यावरून भांडणं झालेली आहेत. पण त्या पिशवीत काय असतं याचा अंदाज घ्या. रोहू हा आपल्याला माहीत असलेला मासा घेऊ. त्याची मादी वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन लाख किंवा त्याहून जास्त अंडी देते. ओढ्यातल्या छोट्या माशांची अंडी त्यामानानं खूप कमी, तरी एका मादीत शेकड्यांनी, हजारांनी असतात.

इथे एक काका मला नेहमी अडवतात. ते म्हणतात, "अरे लाखो अंडी घालतात ती, चार मासे आम्ही खाल्ले तर काय नदी रिकामी होणार आहे?" प्रश्न बरोबर आहे, उत्तर द्यायला हवं. लाखो अंडी घालावी लागतात, कारण त्यातली बहुतेक मरणारच असतात. बेडूक खातात, किडे खातात, पाणी अचानक उतरलं की सुकून जातात. हा तोटा धरूनच माशाचं गणित बसलेलं आहे. त्या गणितात अंडी घालायच्या आधीच मादी मरणं बसत नाही. दिवाळीनंतर तुम्ही एक मासा पकडलात तर एक मासा गेला, तिची यंदाची पिल्लं नदीत आहेत. तोच मासा जूनमध्ये चढताना पकडलात तर मासाही गेला आणि त्याची पुढची पिढीही.

दुसरं म्हणजे जागा. नदीत मासा पसरलेला असतो, शोधावा लागतो. चढणीला मासे एका रांगेत येतात. रस्त्याखालची मोरी, सिमेंटचा बंधारा, धबधब्याखालचा खळगा, इथे सगळे येऊन अडतात. पूर्वी ओढ्याला अशा अडचणी कमी होत्या. आता दर फर्लांगाला काहीतरी बांधलेलं आहे. बंधाऱ्याच्या पायथ्याशी वर चढता येत नाही म्हणून तडफडणाऱ्या माशांत पाग टाकायला काही कसब लागत नाही. गळ टाकणाऱ्याला तासन् तास बसून, पाण्याचा रंग ओळखून जो मासा मिळवायचा असतो, तो इथे बादलीनं भरता येतो. याला हौस म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता एक फरक करूनच पुढे जातो, नाहीतर कमेंटमध्ये भांडणं होतील. ती व्हायलाही हवीत. कातकरी वाडीतली बाई ओढ्यातून सकाळी कालवणापुरते मासे काढते, तिच्याबद्दल मी बोलत नाहीये. जूनमध्ये मजुरी नसते, भाजी महाग असते, तिच्या ताटातला तो मासा म्हणजे जेवण आहे. गावातला शेतकरी आपल्या खाचराच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावतो, चार मासे घरी नेतो, त्यालाही मी बोलणार नाही. माझं बोलणं आहे ते मुंबई-पुण्याहून तीन गाड्या करून येणाऱ्या, तीस-चाळीस किलो मासे भरून नेणाऱ्या, अर्धे वाटेतच वास मारायला लागले म्हणून टाकून देणाऱ्यांशी. यातले बरेच जण तुमच्या-माझ्याच वयाचे आहेत. हा भागही ऐकत असतील.

आणि ते तिथे पोचतात कसे? रीलवरून. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत कुठल्या ओढ्याला कधी मासे चढतात हे त्या गावाला आणि फार तर शेजारच्या गावाला माहीत असायचं. ती माहिती हीच त्या ओढ्याची राखण होती. आता पहिल्या पावसाच्या रात्री कुणीतरी वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकतो. उड्या मारणारे मासे, आरडाओरडा, वर एखादं गाजलेलं कोळीगीत, आणि खाली गावाचं नाव. कधीकधी तर थेट लोकेशन. दुसऱ्या रात्री तिथे पन्नास माणसं असतात. तिसऱ्या रात्री जाळी घेऊन व्यापारी. व्हिडिओ टाकणाऱ्याला वाटतं आपण गावाची मजा जगाला दाखवली. गावातल्या पोरांशी बोललात तर ती वैतागलेली असतात, कारण त्यांच्या वाट्याला चौथ्या दिवशी प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि तुडवलेले बांध येतात. लावणीच्या तोंडावर फुटलेला बांध परत घालायला काय मेहनत पडते ते शेतकऱ्याला विचारा.

म्हणून मी म्हणतो, समुद्रात जसा बंदराचा नाका आहे तसा ओढ्याचा नाका तुमच्या हातातला फोन आहे. कुठलाही अधिकारी रात्री दोन वाजता प्रत्येक मोरीवर उभा राहू शकत नाही. पण लोकेशन टाकलं गेलं नाही तर पन्नासातली पंचेचाळीस माणसं येतच नाहीत.

बाहेर हे कसं चालतं तेही सांगतो, कारण हौशी मासेमारीला बंद हंगाम असणं ही काही विचित्र कल्पना नाही. इंग्लंडमध्ये नद्यांवर १५ मार्च ते १५ जून साध्या गोड्या पाण्यातल्या माशांना गळ टाकायला बंदी असते. तिथे १६ जून हा गळवाल्यांचा सणच. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर गळ बंद, कारण ट्राउट थंडीत अंडी घालतो. म्हणजे बंदी उगाच तारीख बघून लावलेली नसते, त्या त्या माशाचं बाळंतपण बघून लावलेली असते. आणि या दोन्ही ठिकाणी गळ टाकायला परवाना काढावा लागतो. मला वाटतं सगळा फरक इथे आहे. परवाना काढलात की तुम्ही कुणाच्या तरी यादीत आलात. परवान्याबरोबर नियम हातात पडतात. हंगाम कधी, किती मासे, केवढे मासे. आपल्याकडे पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संघटना आहे, तिथे परवान्यानंच गळ टाकतात. धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा हक्क बहुधा ठेक्यानं सहकारी संस्थेकडे असतो, त्यांची परवानगी लागते. बाकी खडकावर, खाडीवर, ओढ्यावर मी इतकी वर्षं गळ टाकतोय, मला आजवर एकानंही परवाना विचारलेला नाही. यादीत नसलेल्या माणसापर्यंत जाहीर सूचना पोचणार कशी? बंदीचं परिपत्रक बंदरावरच्या फळ्यावर लागतं, सोसायटीच्या ऑफिसात जातं. शनिवारी सकाळी ठाण्याहून निघालेल्या पोराच्या फोनवर ते येत नाही. त्याच्या फोनवर रील येतं.

परवाना आला तर माझा पाठिंबा आहे, शंभर-दोनशे रुपये भरायला कुणाची हरकत नसावी. फक्त तो गावातल्या पोटापुरत्या पकडणाऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

पण कायद्याशिवायही राखण होऊ शकते, आणि ती आपल्याच जिल्ह्यांत झालेली आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून कुणी त्यांना हात लावत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे आहे, तिथे शंकराच्या देवळापाशी तीच गोष्ट. दोन्हीकडे महसीर आहेत, चांगले दांडगे, माणसाची चाहूल लागली की खायला मिळेल म्हणून उलट जवळ येतात. वरच्या-खालच्या पाण्यात तसा मासा दिसायची मारामार, आणि या डोहांत थवे. देवावर विश्वास असो नसो, मासा राखला तर राहतो हे तिथे डोळ्यांना दिसतं. तिथे ना पाटी ना शिपाई. गळ काढलात तर दहा माणसं विचारायला येतील, एवढंच.

एक मुद्दा मात्र हंगामाच्या पलीकडचा आहे. बॅटरी-इन्व्हर्टर लावून पाण्यात करंट सोडणं, ब्लीचिंग पावडर टाकणं, जिलेटिन फोडणं. याला जूनही नको आणि जानेवारीही नको. स्फोटकं आणि विष टाकून मासे मारणं हा १८९७ पासून गुन्हा आहे, इंग्रजांनी तेव्हाच कायदा केला होता. तेव्हाची शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. त्या काळी दोनशे रुपये ही काय रक्कम होती बघा, म्हणजे प्रकार तेव्हाही केवढा गंभीर मानला जायचा. करंटनं पिल्लं, खेकडे, बेडूक सगळंच मरतं, आणि दरवर्षी त्यात माणसंही जातात. असं काही दिसलं तर स्वतः अंगावर जाऊ नका. ११२ ला फोन करा, आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या ऑफिसात लेखी कळवा. व्हिडिओ काढलात तर तो तिथे द्या, रील करू नका.

मग हौस असलेल्यानं जून-जुलैत करायचं काय? मी काय करतो ते सांगतो. पहिल्या पावसापासून गळ गुंडाळून ठेवतो, रीळ उघडून साफ करतो, तेल घालतो. वलगण बघायला जातो, बॅटरी घेऊन, हात रिकामे ठेवून. तुम्ही एकदा तरी तसे जा. मोरीच्या कडेला अर्धा तास गप्प उभं राहा, वीतभराचा मासा तीनदा आपटून चौथ्यांदा वर जातो ते बघा. पावसात समुद्राच्या खडकावर मात्र बघायलाही जाऊ नका, लाट मागून येते आणि सांगून येत नाही.

गळ बाहेर काढायचा तो गणपती-नवरात्र उलटल्यावर. पाणी निवळलेलं असतं, मासा खाऊनपिऊन तयार असतो आणि त्याला फसवायला खरंच डोकं लागतं. तेव्हाही छोटा मासा लागला तर सोडा. समुद्रातल्या ५४ जातींसाठी महाराष्ट्रानं २०२३ मध्ये किमान आकार ठरवून दिलेत, आपला राज्यमासा पापलेटही त्यात आहे. तो नियमही मुख्यतः होडीवाल्यांसाठी असला तरी मोजपट्टी खिशात ठेवायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. सोडायचा असेल तर हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि मग तो जगत नाही. गळाचा उलटा काटा पक्कडीनं आधीच दाबून टाका, मासा पटकन सुटतो.

आणि ज्यांनी यंदा शनिवारचं ठरवलेलंच आहे, त्यांच्यासाठी: जा, पण पाग घरी ठेवा. व्हिडिओ काढलात तर गावाचं नाव टाकू नका. कुणी कमेंटमध्ये "लोकेशन प्लीज" म्हणून विचारलं, तर हा भाग त्याला पाठवा.

पुढच्या भागात गोड्या पाण्यातल्या खेकड्यांबद्दल बोलू, त्यावरही बरेच प्रश्न आलेत. तुमच्याकडे चढणीच्या माशांना वेगळं नाव असेल तर गाव आणि नाव कळवा. ओढ्याचा पत्ता नको.